तनुकी म्हणजे रानमांजर का?

प्रश्न : ताई, नातवासंगं ‘पोम पोको’ हा जपानी कार्टून सिनेमा बघितला. ते तनुकी म्हणजे आपलं रानमांजर का? आणि ती फुगणारी पिशवी? पोरांपुढं मान वर करवेना! – एक आजी, खानापूर

उत्तर : आजी, रानमांजर नव्हे, तनुकी कुत्र्याच्या कुळातला. डोळ्यांभोवती काळे पट्टे. त्या पिशवीचा, म्हणजे वृषणाच्या पिशवीचा, चावटपणा जपानी लोककथेतलाच, जुना. नातू हसला असेल तर हसू द्या. रूप पालटणंही तिथलंच. टेकड्या कापून वसवलेलं तामा उपनगर मात्र टोकियोजवळ खरंच आहे. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी १९९४ मध्ये त्यावर ही गोष्ट रचली. शेवटी तनुकी माणूस होऊन नोकरीला जातात, तिथं मला हसू येईना. तुमच्याकडं भीमगडचं रान आहे, अस्वलं आहेत. नातू त्यांच्याबद्दल विचारणारच.