थेरपी असिस्टंटच्या कोर्ससाठी सोनं गहाण ठेवू का?

प्रश्न: मी सोलापूरला राहते. वय 33, बारावी आर्ट्स, 58 टक्के. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात काम करते, महिन्याला 9,000 हातात येतात. मिस्टरांचा पगार 22,000, घरखर्च 24,000, मुलगा सातवीत. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना (वय 72) अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्यासाठी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमचं काम बघून मलाही तेच करावंसं वाटतं. सासूबाईंना ब्लाउज कसा घालायचा-काढायचा ते मी मॅडमकडून एकदाच बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः करून घेते. चमच्याची दांडी फडकं गुंडाळून जाड केली, ताटाखाली ओला टॉवेल घातला. इथल्या एका खाजगी संस्थेत ‘ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट’चा एक वर्षाचा कोर्स आहे. फी 1,35,000, शेवटचे तीन महिने पुण्यात प्रॅक्टिकल. नंतर 18,000 ची नोकरी लागेल, परदेशातही मागणी आहे, असं सांगतात. आमच्याकडे 1,10,000 ची एफडी, चार तोळे सोनं आणि 2,000 ची भिशी आहे. भिशी पुढच्या मे महिन्यात संपते, नंबर माझाच शेवटचा, 40,000 मिळतील. कोर्सच्या वेळेमुळे नोकरी सोडावी लागेल. सोनं गहाण ठेवून फी भरू का?

उत्तर:

ताई, या कोर्ससाठी सोनं गहाण ठेवू नका. एफडीलाही हात लावू नका. पण या कामाचा नाद मात्र सोडू नका, कारण तुमच्या पत्रात मला आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं काही दिसलं. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना ब्लाउज घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हे तुम्ही मॅडमकडून एकदाच बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः करून घेऊ लागलात. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केलात. ताट सरकू नये म्हणून खाली ओला टॉवेल घातलात. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात ती हीच. माणसाला त्याचं रोजचं काम पुन्हा स्वतःच्या हाताने करता यावं यासाठीची ही विद्या आहे आणि तुम्हाला तिची नजर आहे. म्हणूनच तुमचे पैसे चुकीच्या दाराशी जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आधी हिशोब करू. फी 1,35,000 असली तरी कोर्स 1,35,000 ला पडत नाही. नोकरी सोडल्यावर वर्षाचे 1,08,000 बुडणार. पुण्यात तीन महिने राहणं, जेवण, येणं-जाणं कितीही काटकसरीने केलं तरी मी 27,000 धरतो. झाले 2,70,000. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज वेगळं. अकरा टक्के धरलं तर 1,35,000 वर वर्षाला 14,850. त्यात सोनेतारण कर्जाची मुदत बऱ्याचदा एकच वर्षाची असते आणि मुद्दल-व्याज एकदम भरावं लागतं. म्हणजे कोर्स संपून नोकरी शोधायला लागाल त्याच महिन्यात बँकेची नोटीस दारात येईल. शिवाय वर्षभर घरात फक्त 22,000 येणार आणि खर्च 24,000. भिशीचे 2,000 धरले तर दर महिन्याला 4,000 ची तूट.

आता मिळकत बघू. संस्था म्हणते तसे 18,000 लागले, तर आजच्यापेक्षा 9,000 जास्त. 2,70,000 भरून निघायला अडीच वर्षं. तेवढं परवडेल. पण 12,000 वरच बोळवण झाली तर महिन्याची वाढ फक्त 3,000, आणि तेच पैसे भरून निघायला साडेसात वर्षं लागतील. तोवर मुलगा कॉलेजात असेल. म्हणजे सगळा व्यवहार त्या 18,000 च्या शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द तुम्हाला कोणी लिहून दिलेला नाही.

तो शब्द कच्चा का वाटतो, ते सांगतो. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपी नवीन नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी 1950 साली तिचं शिक्षण सुरू केलं. पण इथे ती पदवीची वाट आहे: बारावी सायन्स, नीट, मग इंटर्नशिपसह चार-पाच वर्षं. राज्य परिषदेकडे नोंदणी होते ती या पदवीधर थेरपिस्टांची. ‘असिस्टंट’ ही अमेरिकेत ठरलेली, परवान्याची पायरी आहे. आपल्या दवाखान्यांत ती तशी रुळलेली नाही. इथे मॅडमच्या हाताखाली असतात त्या मदतनीस, आया किंवा नर्सिंगच्या बाया, आणि त्यांचा पगार प्रमाणपत्र बघून नाही, गरज बघून ठरतो.

केंद्राच्या 2021 च्या कायद्याने फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अशा सगळ्या सहाय्यक आरोग्यसेवांसाठी राष्ट्रीय आयोग आणला. ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला त्यात किमान 2,000 तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं डिप्लोमा किंवा पदवीचं शिक्षण लागतं. तुमचा कोर्स एक वर्षाचा आहे. उद्या दवाखाने या कायद्याप्रमाणे माणसं घ्यायला लागले, तर तुमच्या कागदाला कुठे जागा आहे, हे संस्थेने सांगायला हवं. तोंडी नाही, लेटरहेडवर.

परदेशाचं तर मनातून काढूनच टाका. अमेरिकेत असिस्टंट व्हायला तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतला साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना लागतो. सोलापुरातल्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर ते दार उघडत नाही. जी संस्था हे माहीत असून परदेशाचं नाव घेते, तिच्या बाकीच्या आश्वासनांकडेही मी जपूनच बघेन.

एक सोपी परीक्षा सांगतो, पैसे लागत नाहीत. कोर्सचं माहितीपत्रक घेऊन तुमचं खातं आहे त्या सरकारी बँकेत जा आणि शैक्षणिक कर्ज मागा. बँका साधारणपणे सरकारमान्य अभ्यासक्रमालाच असं कर्ज देतात. नाही म्हणाले, तर कौशल्य कर्जाबद्दल विचारा. केंद्राची ती योजना 2024 मध्ये सुधारली, आता साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला हमी आहे. पण तिथेही अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात बसणारा किंवा सरकारच्या स्किल इंडिया डिजिटल हबवर नोंदलेला हवा. दोन्हीकडे नकार मिळाला, तर समजा की ज्यांचा धंदाच पैसे परत येतील का हे तपासण्याचा आहे, त्यांना या कोर्समधून पैसे परत येतील असं वाटत नाही. सोन्यावर मात्र कोणीही लगेच कर्ज देईल, कारण तिथे कोर्स कोणी बघत नाही, सोनं बघतात.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, नोकरी न सोडता वर्षभर या कामाच्या जवळ राहा. सासूबाईंकडे येणाऱ्या मॅडमना स्पष्ट विचारा: तुमच्या ओळखीत लहान मुलांचं थेरपी सेंटर आहे का, मी सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस मदतीला येऊ का? सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाला मांडीवर नीट बसवणं, ऑटिझमच्या मुलाला एका जागी दहा मिनिटं रमवणं, हे रोज केल्यावरही आवडतंय का, ते कळेल. घरच्या माणसाचं करणं वेगळं आणि दिवसाला आठ परक्या मुलांचं करणं वेगळं. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड येत असेल तर आवर्जून सांगा. शहराच्या पूर्व भागातल्या आजीबाईंशी त्यांच्या भाषेत बोलणारी बाई कुठल्याही थेरपिस्टला हवीच असते.

दुसरी गोष्ट, शिकायचं तर नोंदणी मिळेल असंच शिका. दिव्यांगांबरोबर काम करणाऱ्यांचं शिक्षण आणि नोंदणी बघणारी भारतीय पुनर्वास परिषद 1992 च्या कायद्याने चालते. तिचा विशेष शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचा, दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, 50 टक्के लागतात, तुमचे 58 आहेत. पास झाल्यावर केंद्रीय नोंदवहीत नाव आणि क्रमांक मिळतो. हे थेरपीचं नाही, शिकवण्याचं काम आहे, हा फरक डोक्यात ठेवा. पण मुलं तीच असतात, आणि विशेष शाळेत थेरपिस्टच्या बरोबरीने काम करता येतं. याच परिषदेचा घरोघरी जाऊन दिव्यांगांबरोबर काम करण्याचा सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रमही 2021 पासून आहे. तुमच्या स्वभावाला तो कदाचित जास्त जवळचा वाटेल. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. तिथे नाव नसलेल्या ठिकाणी एक रुपयाही भरू नका.

माझा कल डिप्लोमाकडे आहे, कारण त्याचं गणित तुमच्या घरात बसतं. आज खर्च आणि भिशी वजा जाता महिन्याला 5,000 उरतात. ते वर्षभर आवर्ती ठेवीत टाकले तर 60,000, वर भिशीचे 40,000. व्याज सोडून एक लाख. डिप्लोमासाठी नोकरी सोडली तर भिशी तोवर संपलेली असेल, म्हणजे तूट महिन्याला 2,000, दोन वर्षांची 48,000. उरलेले 52,000 फीला. फी त्याहून जास्त निघाली तर तेवढ्याच रकमेचं शैक्षणिक कर्ज काढा. सोनं कपाटात, एफडी जागेवर.

एफडी जागेवरच हवी, कारण सासूबाईंना झटका येऊन गेलाय आणि मिस्टरांचा पगार थांबला तर चार महिने घर चालवायला 96,000 लागतात. सासूबाईंचं वय 72 आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का बघा. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याला आधार कार्ड लागतं. हे काम याच आठवड्यात करा.

संस्थेने ‘सीट भरतायत, टोकन म्हणून दहा हजार तरी भरा’ म्हटलं तर देऊ नका. मे महिन्यात भिशीचे 40,000 आले की त्याच दिवशी तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात टाका. घरात राहिले तर जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं आणि घराची डागडुजी यातच जातील, आणि प्रवेशाची फी भरायची वेळही साधारण तीच असते.