माजघरातला ‘माज’

पणजीच्या वहीतली पानं टंकून काढणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: ‘वहीत एक वाक्य आहे, “आम्ही बायका माजघरात, ओटीवर पाऊल नाही.” यातला माज म्हणजे मस्ती, गुर्मी, तोच का? शब्द माजघर की माझघर? आणि आजच्या वाचकाला कळावं म्हणून मी त्याजागी लिव्हिंग रूम लिहिलं तर चालेल का?’

पहिल्या दोन शंकांची उत्तरं सरळ आहेत. तिसरीचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते का, हे सांगायला मला आमच्या घरात शिरावं लागेल.

माजघरातला ‘माज’ म्हणजे मध्य. संस्कृत ‘मध्य’चं प्राकृतात ‘मज्झ’ झालं आणि मराठीत ‘माज’. शब्दाच्या शेवटच्या महाप्राणाचा जोर आपल्याकडे पुष्कळदा ओसरतो: हस्त, हत्थ, हात, संध्या, संझा, सांज. तसंच हे. कधी तो टिकतोही, जसा वंध्येपासून आलेल्या ‘वांझ’मध्ये टिकला. संतांच्या ओव्या-अभंगांतले ‘माजी’ आणि ‘माझारी’ हे ‘मध्ये’ या अर्थाचे शब्द याच घराण्यातले. जुन्या मराठीत कमरेलाही ‘माज’ म्हणत, कारण कंबर म्हणजे देहाचा मध्य. मस्तीचा ‘माज’ निराळा. तो ‘मद्’ धातूचा, ‘माद्यति’वरून ‘मज्जइ’ आणि मग ‘माजणे’ असा आलेला. उच्चार एक झाले, पण मुळं दोन.

‘माझघर’ ही शंका मात्र मला फार आवडली. प्राकृतात ‘मध्य’चं जसं ‘मज्झ’ होतं, तसं ‘मह्यम्’चंही ‘मज्झ’च होतं, आणि आपले ‘मज’ आणि ‘माझा’ तिथून आले. म्हणजे प्राकृत बोलणाऱ्याच्या तोंडी ‘मधलं’ आणि ‘माझं’ यांचा आवाज एकच होता. तरी लिहायचं ‘माजघर’च, आणि त्यातला ‘ज’ ‘जातं’, ‘जुना’ यांतला, ‘राजा’तला नव्हे.

आता लिव्हिंग रूम. शब्द ‘मधलं घर’ एवढंच सांगतो. पण मधलं म्हणजे कशाच्या मधलं? बाहेरून आत येणाऱ्या माणसाच्या वाटेवरचं मधलं. आपल्या जुन्या घरांतल्या जागांची नावं त्या वाटेने ओळीत लागतात, आणि कोण माणूस कोणत्या नावापर्यंत येऊ शकतो, हे ठरलेलं असे.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या गावात. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून यायचं, गडग्यातलं, म्हणजे दगडी कुंपणातलं बेडं (फाटक) ढकलायचं, की सारवलेलं अंगण. मग दोन पायऱ्या आणि पडवी. तिथून एक पायरी वर ओटी, तिच्यावर झोपाळा. ओटीच्या आत माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची खोली. पुढे स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर, गोठा, आणि शेवटी माड-पोफळींचं परसू. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे गलबतांतून ही कौलं किनाऱ्यावर सगळीकडे गेली. त्याआधी आमच्या घरावर गवत होतं असं आजोबा सांगत.

माजघराला बाहेरची खिडकी नव्हती. उजेड दोन्हीकडच्या दारांतून आणि कौलांत बसवलेल्या एका काचेतून येई. दुपारी त्या काचेतून पडलेला उजेडाचा चौकोन जमिनीवरून सरकत जायचा, आणि आजी त्यावर वेळ ओळखायची. धान्याची कणगी, उतरंड, जातं, पाळणा, दागिन्यांची पेटी, सगळं तिथे. जातं हा शब्द ‘यंत्र’वरून आला आहे (यंत्र, जंत, जातं), आणि त्या घरात खरोखर तेच एक यंत्र होतं. पहाटे ओव्यांचा आवाज तिथूनच यायचा. गावात पिठाची गिरणी आली आणि आजीच्या ओव्या थांबल्या. तिला त्या येत होत्या, पण जात्याशिवाय आठवत नसत.

आमचं घराणं खोतांचं. हे मी लपवणार नाही, कारण ते लपवलं तर हे घर कळणार नाही. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा, आणि त्या बळावर गावाच्या जमिनीवर हुकमत गाजवणारा. जमीन कसणारा तो कूळ. कुळं अंगणात उभी राहत. पाऊस असला तर वळचणीखाली, म्हणजे छपराच्या खालच्या कडेखाली, फार तर पडवीच्या कडेला टेकत. ओटीवर बरोबरीचे पाहुणे. माजघरात नातेवाईक. स्वयंपाकघरात सोवळ्यातल्या बायका. आणि गावातला महार बेड्याच्या बाहेर. त्याला पाणी वरून, ओंजळीत. आमच्या घरापासून महाड काही फार लांब नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा आमच्या अंगणात पाणी वरूनच घातलं जात होतं. ‘पायरी ओळखून वागणे’, ‘पायरी सोडणे’ हे वाक्प्रचार मी शाळेत शिकले, पण त्यांचा अर्थ मला या दोन-तीन खऱ्या पायऱ्यांवर कळला.

इथे ‘कूळ’ या शब्दाशी थोडं थांबायला हवं. शब्द संस्कृत ‘कुल’च. कुळाचार, कुळधर्म, कुळदैवत यांत तो वंशाचा. जमीन कसणारा आणि सारा देणारा तोही कूळ, कारण हिशेबात एक कुटुंब एक घटक धरलं जाई. कुलकर्णी म्हणजे या कुळांचा हिशेब राखणारा. हाच ‘कुल’ प्राकृतात ‘उल’ होऊन देऊळ (देवकुल), राऊळ (राजकुल) आणि आजोळ या शब्दांत लपला आहे. म्हणजे आमच्या घरात माजघरात नवरात्राचा कुळाचार चालायचा, त्याच वेळी अंगणात कूळ भाताचा खंड, म्हणजे जमिनीचं धान्यातलं देणं घेऊन उभं असायचं, आणि मे महिन्यात आम्ही मुलं ज्याला आजोळ म्हणायचो, तेही हेच घर. तिन्ही ठिकाणी शब्द एकच. आत तो मान होता आणि अंगणात देणं.

खोती मोडावी म्हणून आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी तर १९३३ पासून काही वर्षं शेतं पेरलीच नाहीत. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्याआधीच्या वर्षी कूळकायदा आला होता, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. ‘वळचणीचं पाणी आढ्याला गेलं’, म्हणजे कडेचं पाणी छपराच्या माथ्यावर चढलं, असं तेव्हा आमच्या ओटीवर म्हटलं गेलं, कडवटपणे. घराची एवढी नेमकी म्हण, आणि ती कुणाच्या तोंडून आली, ते पाहा. वळचणीखाली ज्यांनी पावसात तासन्‌तास काढले होते, त्यांना आपल्या हक्काची जमीन मिळाली होती. आजीने मात्र ही बातमी ओटीच्या दाराआड उभी राहून ऐकली, आणि नंतर मला सांगताना ती एवढंच म्हणाली, ‘बरं झालं, त्यांची बायका-पोरं आता जेवतील.’ हे वाक्य तिने त्या दिवशी ओटीवर म्हटलं नसेल. म्हणता येण्यासारखी ती जागाच नव्हती.

तुमच्या पणजीचं वाक्य इथे येतं. ओटी आणि माजघर यांच्यामधला उंबरा हीच बाई आणि बाहेरचं जग यांच्यामधली हद्द होती. लग्नं ओटीवर ठरत, जमिनी ओटीवर विकल्या जात, आणि त्या बोलण्यातला शब्द न्‌ शब्द माजघरात दाराआड ऐकला जाई. माजघर म्हणजे जिथे सगळं कळतं आणि जिथून काही ठरत नाही, अशी जागा.

आणि त्या आतल्या बाईलाही महिन्यातून चार दिवस ‘बाहेरची’ म्हणत. ती बाहेर बसे, मागच्या पडवीत, वेगळ्या तांब्या-वाटीसह. मुलांना सांगायचं, ‘तिला कावळा शिवला.’ ‘बाहेरची’ हा शब्द किती साधा वाटतो. पण घर असं ओळीत मांडलेलं आहे हे लक्षात घेतलं की कळतं, तिचा देह बदलला की त्याच घरातली तिची जागा ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाई. बाळंतिणीची खोली माजघराला लागून, सर्वांत अंधारी. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की ‘न्हाण आलं’ म्हणत. आंघोळीचा शब्द (स्नान, ण्हाण, न्हाण) न्हाणीतून उचलून तिच्या वयात आणून ठेवला.

विधवा बाईचं तर अख्खं आयुष्य स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामध्ये. आमच्या घरात आजोबांची आत्या अशी होती, नऊ वर्षांची असताना विधवा झालेली. ‘स्वयंपाक’ या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या हाताने आपल्यापुरतं शिजवणं, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं न खाणाऱ्याचं रांधणं. शिवाशिवीच्या समाजाने हा शब्द रोजच्या रांधण्याला लावला. पण त्या आत्याने जन्मभर जे शिजवलं, त्यातलं स्वतःपुरतं जवळजवळ काही नव्हतं. मुरूडचे धोंडो केशव कर्वे आमच्याच तालुक्यातले. १८९३ साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार म्हणजेही ‘बाहेर करणं’च. पुढे त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. आमची ती आत्या मुरूडपासून काही कोसांवर राहत होती, आणि तिला अक्षर कधी शिकवलं गेलं नाही. मला घरातल्या कुठल्याही गोष्टीचं याच्याइतकं वाईट वाटत नाही.

लिव्हिंग रूम ही जागा पाहुण्याला बसवायची. तिथे आल्यागेल्याला पाणी देतात, सोफा असतो, भिंतीवर चांगलं चित्र. ती ओटीच्या जवळ जाईल, शहरी वाड्यातल्या दिवाणखान्याच्या आणखी जवळ. माजघराच्या जागी तो शब्द घातलात तर पणजीचं वाक्य उलटं होईल: आम्ही बायका दिवाणखान्यात, ओटीवर पाऊल नाही! तुम्ही ‘माजघर’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्याच्या ओघात एखादं विशेषण द्या. ‘मधलं, बिनखिडकीचं माजघर’ इतकं पुरे. वाचक पुढे आपोआप चालतो.

हा शब्द मागे का पडला, तेही यातूनच कळतं. शहरात आपण घरं बांधली ती ओळीत न बांधता एका हॉलभोवती बांधली. गिरणीत नोकरीला गेलेल्या कोकणातल्या माणसाला मुंबईच्या चाळीत मिळाली एक खोली, दहा बाय बाराची. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर सगळं तीत. मोरी कोपऱ्यात. उरला तो एक पडदा, आणि पडद्यामागची जागा. पुरुष कॉमन गॅलरीत झोपत. ती त्यांची ओटी झाली. त्या खोल्यांत हाल होते, पण बाईला दाराआड उभं राहायला तिथे दारच नव्हतं. बाहेरच्याशी बोलणं तिच्यासमोरच व्हायचं आणि तीही त्यात बोलू लागली.

आमच्या गावच्या घरातली हद्द पुसली ती फार हळू. रेडिओ ओटीवर आला, बायका तो आतून ऐकत. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायला लागलं, तेव्हा टीव्ही ओटीवरच होता, आणि त्या तासाला आजी, मामी, शेजारणी, कुळांच्या घरच्या बायका, सगळ्या ओटीवर येऊन बसत. काही मुलं पडवीत, काही अंगणात. आजी ओटीवर बसलेली मी पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. सत्तरीला आली होती. सुरुवातीला ती उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून बसे. काही रविवारांनी झोपाळ्याजवळ आली.

१९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, केंद्राने तो २००५ साली दिला. आमच्या सातबाऱ्यावर आज दोन मामांच्या नावांखाली माझ्या आईचं नाव आहे. बाईच्या हक्काच्या घराला मराठीत माहेर म्हणतात, ‘मातृगृह’ या शब्दाचं झिजलेलं रूप. त्यातलं ‘हेर’ म्हणजे ‘घर’च. पण ते माहेर कागदावर तिच्या नावाने कधी लागत नसे.

गेल्या पावसाळ्यानंतर घराची दुरुस्ती काढली. आराखडा करणाऱ्या मुलाने माजघराच्या चौकोनात ‘पॅसेज’ असं लिहून आणलं. त्याच्या दृष्टीने बरोबर होतं: खिडकी नाही, दोन दारं, पुढून मागे जायची वाट. आईने पेन मागून घेतलं, ते खोडलं, वर ‘माजघर’ लिहिलं आणि त्याला विचारलं, ‘या भिंतीत खिडकी काढता येईल का?’