मुलगी जेवत नाही, पाळीही थांबलीय – थांबून बघू का?

ताई, मुलगी अकरावीत, चार महिन्यांत सगळे कपडे सैल झालेत, पाळी दोन महिने नाही, आणि घरचे म्हणतायत डाएटचं खूळ आहे, जाईल आपोआप, तर थांबून बघू का असं विचारलंय तुम्ही. नका थांबू. आमच्या मुलीचंही असंच झालं, तो खाण्याशी संबंधित आजार निघाला, आणि आम्ही सात महिने थांबलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे सुरुवात उपवासांनी झाली. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, आणि उपवासाला साबुदाणाही नको, नुसतं ताक. आजी खूश, नात देवाचं करते म्हणून. लग्नात जो तो म्हणे किती बारीक झालीस, छान दिसतेस. मग माझ्या लक्षात यायला लागलं की ही वरणावरचं तूप टिश्यूने टिपून घेते, अर्ध्या पोळीचे वीस-पंचवीस तुकडे करते आणि पाऊण तास ताटावर बसते. आणि हीच मुलगी रात्री दीडपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघायची, रविवारी सगळ्यांसाठी केक करायची, आम्ही खातोय ना हे समोर उभं राहून बघायची, स्वतः मात्र कण नाही. मला कळेचना, एवढी आवड आहे तर खात का नाही.

सायकियाट्रिस्ट मॅडमनी एक जुना प्रयोग सांगितला तेव्हा उलगडा झाला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना ना वजनाची धास्ती ना आरशाची, तरी ते चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले, डोक्यात सतत जेवण, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, एकेक जेवण तासन् तास पुरवायचे. म्हणजे आज जी हट्टी, कोरडी, खोटं बोलणारी मुलगी तुम्हाला दिसतेय त्यातलं बरंच उपाशी मेंदू करवतोय. वजनाची भीती हा आजार आहेच हो, पण उपासमार त्याला खतपाणी घालते, म्हणून आधी पोटात अन्न, समजावणं नंतर. मी सहा महिने उलटं केलं, नुसती लेक्चरं दिली.

पण घाईघाईने लाडू-शिरा कोंबू नका. बरेच दिवस उपाशी शरीराला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) धाडकन उतरतं आणि हृदयावर येऊ शकतं, रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. आधी डॉक्टर. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट हे बघायला सांगा. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी एवढी काही बारीक नाही म्हणून टॉनिक देऊन पाठवलं होतं. असं कोणी म्हटलं तर दुसऱ्याकडे जा, कारण आधी जाड असलेलं मूल झपाट्याने उतरलं तरी तेवढाच धोका असतो, आणि बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या आजारात, तर वजन बहुतेकदा नॉर्मलच दिसतं.

आम्हाला उपयोग झाला तो फॅमिली बेस्ड ट्रीटमेंटचा, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधून आलेली पद्धत. काय, किती, कधी खायचं हे सुरुवातीला आईबाबा ठरवतात आणि शेजारी बसतात. मी आणि नवऱ्याने ऑफिसच्या वेळा बदलल्या. एकदा तिने उपम्याची ताटली भिंतीवर मारली, नवऱ्याने काही न बोलता दुसरी वाढून आणली, मी एवढंच म्हटलं, मी इथेच आहे, एक घास घे. वजन, कॅलरी, दिसणं यावर घरात एक शब्द नाही, आजीलाही सांगून ठेवलं.

चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं तर सरळ हॉस्पिटल, अपॉइंटमेंटची वाट नाही. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलली तर एकटी सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालेल.

आमच्याकडे पाळी परत यायला अकरा महिने लागले. उद्याचीच अपॉइंटमेंट घ्या ताई, आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या, आम्हाला पहिलं तेच विचारलं होतं.