जाहिराती रोखणारा ब्राउझर निवडताना आधी त्याचं पोट कशावर चालतं ते बघा

तुमचा फोन 3 जीबी रॅमचा, डेटा दिवसाला दीड जीबी, वावरात रेंज अर्धीमुर्धी आणि कापसाचा भाव पाहायला पान उघडलं की आधी जाहिरातीच उतरतात. कोणता ब्राउझर घ्यावा आणि फुकट देणाऱ्याला त्यातून काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय.

दुसरा प्रश्न आधी घेतो. क्रोम गूगलचा आणि गूगलची बहुतांश कमाई जाहिरातींची. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्सटेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचं छोटं साधन, बसतच नाही. कॉम्प्युटरवर बसतं, पण एक्सटेंशनसाठीच्या मॅनिफेस्ट व्ही3 या नव्या नियमांमुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं पूर्ण ताकदीचं एक्सटेंशन तिथे बंद झालं, लाइट आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्सची मोझिला ना-नफा संस्थेच्या मालकीची, तरी तिलाही मोठा पैसा फायरफॉक्समध्ये शोधासाठी आधीपासून गूगलच लावून ठेवण्याबद्दल गूगलकडून मिळतो. पण त्यांनी यूब्लॉक ओरिजिन फोनवरही चालू ठेवलंय. ब्रेव्ह हा तिसरा ब्राउझर, जाहिराती रोखणं त्यात आधीपासूनच असतं; तो स्वतःच्या जाहिराती विकतो, नव्या टॅबवरचं प्रायोजित चित्र त्यातलंच. ते सेटिंगमधून बंद होतं. 2020 मध्ये काही साइटचा पत्ता टाइप करताना ब्रेव्ह त्यात स्वतःचा रेफरल कोड (ग्राहक पाठवल्याबद्दल कमिशन मिळवून देणारी खूण) जोडत होता, ते उघडकीस आल्यावर त्यांनी ते काढलं. डोळे झाकून विश्वास ठेवावा असा यात कोणीच नाही.

तुमच्या फोनला मी ब्रेव्हच सांगेन. ब्लॉकर आतच असल्यामुळे वेगळं एक्सटेंशन रॅम खात नाही. रॅम 4 जीबी किंवा जास्त असती तर फायरफॉक्स सांगितला असता: तीन टिंब, एक्सटेंशन्स, यूब्लॉक ओरिजिन, बस्स. यूसी ब्राउझरची एपीके (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) कोणी पाठवली तर घेऊ नका. त्यावर 2020 पासून भारतात बंदी आहे, प्ले स्टोअरचे अपडेट त्याला मिळत नाहीत.

टाकल्यावर सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स इथे जाऊन ब्राउझर म्हणून ब्रेव्ह निवडा. हे राहून गेलं तर व्हॉट्सॲपवरची प्रत्येक लिंक पुन्हा क्रोममध्येच उघडते आणि आपल्याला वाटतं ब्लॉकर चालत नाही.

सातबारा, महाडीबीटी किंवा पीकविम्याच्या साइटवर कॅप्चा दिसला नाही, पैसे भरायची खिडकी उघडली नाही, तर पत्त्याच्या पट्टीतल्या सिंहाच्या चिन्हावर दाबून त्या एका साइटपुरतं शील्ड्स, म्हणजे ब्रेव्हचा ब्लॉकर, बंद करा. तरीही अडलं तर तेवढं काम क्रोममध्ये उरका. म्हणून क्रोम काढून टाकू नका.

आता खरी गोम. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असं वरच्या पट्टीत दिवसभर येत असेल, तर ती पानावरची जाहिरात नव्हे. कधीतरी एखाद्या साइटने "नोटिफिकेशन दाखवू का?" विचारलं आणि "अनुमती द्या" दाबलं गेलं, त्याचा हा परिणाम. नवा ब्राउझर टाकून ते थांबत नाही, कारण परवानगी जुन्या ब्राउझरमध्येच असते. त्या नोटिफिकेशनमध्ये साइटचं नाव लिहिलेलं असतं ते पाहून घ्या. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे ती साइट शोधून ब्लॉक करा. घरात फोन दोघं-तिघं वापरत असतील तर ही यादी अधूनमधून बघत जा.

गेममधल्या, इतर ॲपमधल्या जाहिरातींना ब्राउझर हात लावू शकत नाही. त्यासाठी अँड्रॉइड 9 पासून नेटवर्क सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे. डीएनएस म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा; ॲडगार्डची ही सेवा जाहिरातींचे पत्ते अडवते. त्यात dns.adguard-dns.com असा पत्ता भरायचा. एक अक्षर चुकलं तरी अख्खं नेट बंद पडतं. तसं झालं तर तिथेच परत "ऑटोमॅटिक" निवडा.