इंजिन जेवायला का आलंय?

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत एका विलायती चित्राची प्रत सापडली. घरातली मंडळी जेवायला बसलीत आणि रेल्वेचं इंजिन राक्षस होऊन काटा-सुरीसकट जेवणघरात शिरलंय. मागे पेन्सिलीने १८४५ लिहिलंय. तेव्हा लोकांना आगगाडीची एवढी धास्ती होती का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, धास्ती होतीच, पण त्या साली गाडीपेक्षा तिच्या शेअरनी जास्त घरं खाल्ली. चित्र इंग्रज व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकचं, नाव ‘रेल्वे ड्रॅगन’. घरधन्याच्या तोंडचे शब्द भिंग लावून वाचा. आधी ‘माझं बीफ!’ आणि मग ‘माझी पोरं!’ हा क्रम लावणारा माणूस मला फार आवडतो.

१८४५ मध्ये इंग्लंडात रेल्वे शेअरचं वेड शिगेला पोचलं होतं. आधी थोडीशीच रक्कम भरायची, बाकीची कंपनीचा ‘कॉल’, म्हणजे पैशांची मागणी, येईल तशी. त्यामुळे ऐपत नसलेलेही घुसले. नुसता अर्ज करून, शेअर मिळताच चढ्या भावात फुंकून टाकणाऱ्यांना ‘स्टॅग’ म्हणजे सांबर म्हणायचे. आयपीओत मिळालेले नवे शेअर बाजारात पहिल्यांदा येताच (लिस्टिंगच्या दिवशी) विकणाऱ्याला आपल्या बाजारात आजही तेच नाव आहे. नव्या मार्गांचे नकाशे सरकारदरबारी दाखल करायची शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर, तीही रविवारी; शेकडो कंपन्यांची माणसं धावली. पुढच्या वर्षी पार्लमेंटने नव्या मार्गांना मंजुरी देणारे अडीचशेहून जास्त रेल्वे कायदे केले. मग कॉल येऊ लागले आणि घरोघरी रडारड. यॉर्कचा कापडवाला जॉर्ज हडसन ‘रेल्वेचा राजा’ म्हणून मिरवत होता. तो लाभांश नफ्यातून नव्हे, भांडवलातूनच वाटतोय, हे १८४९ मध्ये उघडं पडलं.

लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने तर १८४५ मध्येच इंजिनाला पुरीच्या जगन्नाथाचा रथ करून टाकलं होतं. पुढ्यात माणसं लोटांगण घालतायत. (भाविक रथाखाली उड्या टाकतात, ही साहेबाची जुनी समजूत.) ‘पंच’ची चित्रं बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर, आडव्या छेदावर कोरत. लाकूड इतकं घट्ट की केसासारखी रेघ धरतं, आणि हात घसरला तर रबर नाही. मी नाशिकरोडच्या नोटा-तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये एनग्रेव्हर (कोरीव काम करणारा) होतो, म्हणून हे विषयांतर.

आपल्याकडची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे याच धामधुमीत योजली गेली. पण लंडनचे गुंतवणूकदार पोळलेले. त्यामुळे १८४९ मध्ये सरकारने गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी दिली, तेव्हा कुठे थैल्या सुटल्या. कमाई कमी पडली तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे १८६५ मध्ये गाडी थळ घाट चढून इगतपुरीला आली, त्या आधीपासूनच आपला शेतकरी तिचं तिकीट भरत होता.

आता माझी गोष्ट. १९९३च्या सुमारास सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज थोडे भरा, वीस वर्षांनी झाडाचे लाख घ्या. मी पीएफमधून उचल घेऊन दहा हजार भरले. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरी सर्टिफिकेट आलं. जाड कागद, कडेने गुंतवळीची नक्षी, एकही रेघ तुटलेली नाही. ही म्हणाली, “झाडं कुठे आहेत?” मी तिच्या हातात भिंग दिलं आणि म्हटलं, “आधी बॉर्डर बघ.”

पहिल्या वर्षी झाडाचा फोटो आला. दुसऱ्या वर्षी तोच फोटो पुन्हा आला. तिसऱ्या वर्षी आमचीच पाकिटं ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत येऊ लागली.

तुमची प्रत मूळ की नंतरची, ते पाहायचं तर घेऊन या, भिंग आहे. सर्टिफिकेटही दाखवीन. बॉर्डर अजून सुबक आहे.