विद्यापीठ ग्रंथालयातील दुर्मीळ संग्रह स्कॅन करून सर्वांना खुला कसा करावा?

आपला प्रश्न असा आहे की, नाशिकमधील आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काही हस्तलिखित पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि स्वातंत्र्यपूर्व काळातील मासिके आहेत. ती स्कॅन कशी करावीत, आणि सगळे इंटरनेटवर मोकळे ठेवल्यास संग्रहाचे महत्त्व कमी होईल ही वरिष्ठांची भीती खरी आहे का. मी याच शहरात ग्रंथालयाच्या कामात आहे आणि हा विषय मला जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

ती भीती खरी नाही. पोथीचा पाठ घरबसल्या वाचलेला अभ्यासक कागद, शाई आणि हस्ताक्षर तपासण्यासाठी ग्रंथालयातच येतो, आणि त्याच्या प्रबंधात आपल्या ग्रंथालयाचे नाव छापले जाते. मात्र त्यासाठी ती पोथी त्याला सापडावी लागते, आणि ती सापडणे स्कॅनरपेक्षा नोंदीवर अवलंबून असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, यंत्राची निविदा काढण्यापूर्वी वर्णनात्मक सूची तयार करावी. ‘पोथी क्र. १२, संस्कृत, अपूर्ण’ एवढ्याच नोंदीसह ठेवलेली शंभर पानांची उत्तम छायाचित्रे कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत.

नोंद करताना पोथीची शेवटची पत्रे सर्वांत आधी आणि सावकाश वाचावीत, कारण पुष्पिका, म्हणजे लेखनिकाची समारोपाची नोंद, तेथे असते आणि लेखनिकाचे नाव, लेखनाची तिथी, ज्याच्यासाठी पोथी उतरवली त्याचे नाव आणि पुष्कळदा गावही तिच्यातच मिळते. गोदावरीकाठी उतरवलेली पोथी कोणती आणि बाहेरून आलेली कोणती, हे ठरवण्याचा याहून भरवशाचा आधार क्वचितच मिळतो. कालगणना मूळ स्वरूपात लिहून शेजारी इसवी सन द्यावा. शकामध्ये ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन मिळतो. पौषाच्या सुमारास नवे इसवी वर्ष लागत असल्याने तिथी असेल तर पंचांगाशी ताडून पाहावे. मोडी कागदांत अरबी अंकनामे येतात. ‘सलास खमसैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतील एक कालगणना) ११५३, आणि त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी १७५२-५३ येते. संगणकाच्या शोधचौकटीत १७५२ टाकणाऱ्याला हा कागद सापडायचा असेल, तर हे रूपांतर कोणीतरी माणसाने बसून केलेच पाहिजे, आणि त्यासाठी मोडी वाचणारी व्यक्ती मानधन देऊन नेमावी, असे मला मनापासून वाटते.

सूची झाली की क्रम आपोआप ठरतो. एकमेव असलेली हस्तलिखिते आणि मोडी कागद आधी घ्यावेत. छापील पुस्तकांपैकी १८६७ पर्यंतची, म्हणजे ज्यांना आपण दोलामुद्रिते म्हणतो ती, त्यानंतर. उरलेल्यांची चांगली प्रत इंटरनेट आर्काइव्हसारख्या मोफत डिजिटल संग्रहात आधीच असेल, तर तेच काम पुन्हा करू नये. या क्रमाला एक अपवाद आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद त्यातील आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, त्यामुळे विसाव्या शतकातील मासिके कित्येकदा दोनशे वर्षांच्या जुन्नरी कागदापेक्षा वाईट अवस्थेत असतात. ज्या फायलीची पाने उलटताना कडा गळतात, ती थांबू शकत नाही.

स्कॅनिंग रंगीतच करावे. पोथी काळ्या शाईची दिसते म्हणून कृष्णधवल प्रत पुरेल असे पुरवठादार सांगतात, पण लेखनिकाने चुकलेल्या अक्षरांवर लावलेली पिवळी हरताळ, तिच्याखाली अजून दिसणारे मूळ अक्षर आणि लाल शाईतील दंड व अध्यायसमाप्ती हे सारे कृष्णधवल प्रतीत हरवते, आणि पाठचिकित्सा करणाऱ्याला, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्याला, नेमके तेच हवे असते. (हरताळ हे आर्सेनिकचे खनिज आहे, म्हणून काम झाल्यावर हात धुवावेत, पाने हाताळताना मात्र हातमोज्यांपेक्षा स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण मोज्यांतून कागदाची कड जाणवत नाही.) बांधीव पुस्तके सपाट स्कॅनरवर दाबू नयेत आणि त्यांची शिवणही उसवू नये, वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर आणि पुस्तक अर्धवट उघडे राहील असा व्ही आकाराचा आधार वापरावा. कोरी पाने, वेष्टन आणि लाकडी पाट्यासुद्धा क्रमाने घ्याव्यात.

ए-४ आकाराचे एक पान ४०० पीपीआयने (एका इंचात ४०० बिंदू), २४-बिट रंगात घेतले तर असंकोचित टिफ फाइल सुमारे ४६ एमबीची होते, म्हणजे दहा हजार पानांना ४६० जीबीच्या आसपास जागा लागते. ही मूळ डिजिटल प्रत तीन ठिकाणी असावी आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी चढले यावर ज्या शहरात पूर मोजतात, तेथे हे वेगळे पटवून द्यावे लागू नये.

कायद्याच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एन) नुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवू शकते. ती जगाला वाटण्याची परवानगी त्यात नाही. वाटण्यासाठी हक्क संपलेले असावे लागतात, आणि ते लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षांनी संपतात. मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा असतो, त्यामुळे अंक १९३० चा आहे एवढ्यावर तो मुक्त ठरत नाही. शंका असेल तेथे नोंद सर्वांना दिसू द्यावी आणि पाने ग्रंथालयातील संगणकावर दाखवावीत.

जे मुक्त आहे ते मात्र पूर्ण मुक्त करावे. पानभर संस्थेचा शिक्का उमटवून अक्षरे झाकणे मला सर्वथा अयोग्य वाटते. ग्रंथालयाचे नाव नोंदीत आणि फाइलच्या माहितीत असले की श्रेय मिळते. डीस्पेससारखी डिजिटल संग्रह ठेवण्याची मोफत प्रणाली प्रत्येक वस्तूला कायमचा दुवा देते, आणि संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी जुन्या प्रबंधांतील संदर्भ त्यामुळे तुटत नाहीत. टेसरॅक्ट ही चित्रातील अक्षरे ओळखणारी प्रणाली छापील मराठी बऱ्यापैकी ओळखते, परंतु शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) पुस्तकांसाठी तिच्यावर फार अवलंबून राहू नये. शिवाय जुन्या छपाईत ‘नासिक’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी रूपे येतात, म्हणून शोधप्रणालीत जुनी आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतरची अशी दोन्ही रूपे एकमेकांशी जोडून घ्यावीत.

आपल्या परिसरात तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंची घराणी नोंदवणाऱ्या क्षेत्रपुरोहितांच्या) वह्या आणि वंशावळीही ग्रंथालयाकडे येण्याचा संभव असतो. त्यांत हयात कुटुंबांची नावे, गावे आणि नातेसंबंध असतात, त्यामुळे त्यांचे जतन अवश्य करावे, पण ज्या घराण्याने वही दिली त्याच्याशी लेखी बोलणे होईपर्यंत पाने इंटरनेटवर ठेवू नयेत. दानपत्रात ‘जतन’, ‘ग्रंथालयात वाचन’ आणि ‘सर्वांसाठी खुले’ अशा तीन वेगळ्या संमती मागाव्यात, म्हणजे देणाऱ्याला आपण कशाला होकार देत आहोत हे स्पष्ट कळते.