पहिल्यांदा संघ घेऊन परदेशी जाताय?

भाऊ, परभणीची पोरं घेऊन निघालात, झकास! डावपेचांचं नंतर बोलू.

१. खोली सोडताना स्वतः फिरून बघा. आमच्या पहिल्या दौऱ्यात बेसिनमध्ये गुटख्याची पिचकारी निघाली. काम एकाचं, पण हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "तुम्ही इंडियन असेच." 2018 च्या रशियातल्या फुटबॉल विश्वचषकात बेल्जियमकडून हरूनही जपानी संघानं ड्रेसिंग रूम लख्ख करून रशियन भाषेत 'धन्यवाद'ची चिठ्ठी ठेवली होती.

२. चूक झाली तर रंगवून सांगू नका. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू रायन लॉक्टीनं लुटल्याची गोष्ट फुगवली. 10 महिने निलंबन झालं.

३. 'अमक्या देशाचे असलेच' ही टिंगल बसमध्येही नको. (मीही केलीय.)

गुटख्याच्या पुड्या घरीच काढून घ्या. ठेचा राहू द्या.